जोधाबाईचे नाव आणि राजमातेचे जहाज

इतिहासाचे ग्रंथ वाचणारे नेहमीच थोडे असतात. इतिहास ऐकणारे आणि पाहणारे मात्र पुष्कळ असतात. एके काळी हे काम शाहीर, कीर्तनकार आणि नाटक मंडळ्या करीत. पुढे ते चित्रपटाकडे आले आणि गेल्या काही दशकांत दूरचित्रवाणीने ते थेट माजघरात आणून पोहोचविले. राजे-राण्यांच्या कथा रोज रात्री ठरलेल्या वेळी दिसू लागल्या म्हणजे ती माणसे पाहणाऱ्यांना आपल्याच नात्यागोत्यातील वाटू लागतात. मग त्यांच्या सुखदुःखाने डोळे पाणावतात, आणि त्यांच्याविषयी काही वावगे दाखविले गेले असे वाटले तर संताप अनावर होतो. ‘जोधा अकबर’ या हिंदी मालिकेच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी घडल्या, आणि म्हणूनच त्या प्रकरणाकडे इतिहासाच्या दृष्टीने एकदा शांतपणे पाहणे अगत्याचे आहे.

ही मालिका १८ जून २०१३ रोजी झी टीव्हीवर सुरू झाली आणि ७ ऑगस्ट २०१५ रोजी संपली. या दोन वर्षांत तिचे पाचशेहून अधिक भाग झाले. रजत टोकस यांनी अकबराची आणि परिधी शर्मा यांनी जोधाची भूमिका केली. अकबराची दाई माहम अनगा हिची करारी भूमिका अश्विनी काळसेकर या मराठी अभिनेत्रीने वठविली. मालिका भारताबाहेरही गेली आणि इंडोनेशियासारख्या देशातील प्रेक्षकांनीही ती आवडीने पाहिली. एकीकडे असे प्रेम मिळत असताना दुसरीकडे राजस्थानातील राजपूत संघटनांनी तिला प्रथमपासूनच कडवा विरोध केला. जोधाबाई ही अकबराची पत्नी नव्हतीच, सबब ही मालिका म्हणजे इतिहासाचा विपर्यास आणि राजपूत कुळांचा अवमान होय, असे त्यांचे म्हणणे होते.

हा वाद नवा नव्हता. १९६० साली आलेल्या ‘मुघल-ए-आझम’ या चित्रपटात अकबराच्या राणीचे नाव जोधाबाईच होते आणि ती भूमिका आपल्या दुर्गा खोटे यांनी केली होती. त्या वेळी या नावावरून मोठे वादळ उठले नाही. १५ फेब्रुवारी २००८ रोजी आशुतोष गोवारीकर यांचा ‘जोधा अकबर’ हा चित्रपट प्रकाशित झाला, तेव्हा मात्र चित्र पालटले. राजस्थानात तो चित्रपटगृहांत लागू शकला नाही. अन्य काही राज्यांतही त्याच्या प्रदर्शनाला मनाई झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अर्थात पाच वर्षांनी मालिका आली तेव्हा वादाची भूमी आधीच नांगरलेली होती.

आता प्रश्न असा की, जोधाबाई कोण? इतिहासात या नावाची राजकन्या होती काय? होती, परंतु ती अकबराची राणी नव्हे, तर त्याची सून होती. जोधपूरचा राजा उदयसिंह, ज्याला ‘मोटा राजा’ म्हणत, त्याच्या कन्येचा विवाह १५८६ मध्ये शहाजादा सलीम, म्हणजे पुढील जहांगीर, याच्याशी झाला. तिला जगत गोसाईं असेही म्हणत. आणि जोधपूरची म्हणून ती जोधबाई. ५ जानेवारी १५९२ रोजी लाहोर येथे तिच्या पोटी जो मुलगा जन्मला, तोच पुढे शाहजहान झाला. कर्नल जेम्स टॉड याने राजस्थानच्या इतिहासावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिला. त्यात सुनेचे हे नाव सासूकडे गेले आणि तेथून त्याचा प्रसार झाला, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे. फत्तेपूर सिक्री येथील एका भव्य वाड्यालाही लोक ‘जोधाबाईचा महाल’ म्हणू लागले. एकदा दगडाला नाव चिकटले म्हणजे ते सहसा निघत नाही.

तेव्हा नावापुरता विचार केला, तर विरोध करणाऱ्यांचे म्हणणे खरे होते. परंतु काहींनी त्यापुढे जाऊन असे प्रतिपादन केले की, अकबराचा राजपूत राजकन्येशी विवाहच झाला नाही. येथे मात्र इतिहास त्यांच्या बाजूने उभा राहत नाही.

१५६२ च्या आरंभी एकोणीस वर्षांचा अकबर आग्ऱ्याहून अजमेरला ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्याच्या यात्रेला निघाला होता. त्या वेळी आमेरचा कछवाहा राजा भारमल मोठ्या संकटात होता. मोगल सरदार शरफुद्दीन हुसेन याने त्याच्या राज्यावर दडपण आणून त्याच्या घरातील मुलांना ओलीस धरले होते. भारमल सांगानेर येथे अकबराला भेटला आणि आपली कन्या देण्याची तयारी त्याने दर्शविली. परतीच्या वाटेवर, फेब्रुवारी १५६२ मध्ये, सांभर येथे तो विवाह झाला. ओलीस मुले सुटली. भारमलाचा पुत्र भगवंतदास आणि नातू मानसिंह बादशाही सेवेत दाखल झाले. आमेरचे राज्य टिकले, इतकेच नव्हे तर वाढले. अबुल फजलने हा विवाह ‘अकबरनाम्या’त नोंदविला आहे, आणि अकबरावर कठोर टीका करणाऱ्या बदायुनीनेही त्याची नोंद केली आहे. ज्या घटनेविषयी स्तुतिपाठक आणि टीकाकार दोघेही एकच सांगतात, ती नाकारता येत नाही.

तथापि विरोध करणाऱ्यांच्या मनातील वेदना खोटी होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या विवाहात प्रेमाची कथा नव्हती. तो दोन पुरुषांमधील करार होता, आणि ज्या मुलीच्या आयुष्यावर तो झाला तिचे मत कोणी विचारल्याचे कोठे लिहिलेले नाही. मेवाडच्या राण्यांनी असे संबंध जोडण्याचे नाकारले आणि त्याची जबर किंमतही मोजली. त्या अभिमानाच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला या कराराला रात्रीच्या करमणुकीत प्रीतिविवाहाचे रूप दिलेले पाहणे जड जात असेल, तर ते समजण्यासारखे आहे. परंतु सल मनात आहे म्हणून घटना पुसून टाकली, तर त्या मुलीवर दुसऱ्यांदा अन्याय होतो. एकदा तिला विचारले नाही, आणि नंतर ती होती हेच मान्य केले नाही.

ज्यांना मालिका आवडली, त्यांचीही बाजू पाहिली पाहिजे. भिन्न धर्मांची दोन माणसे एकमेकांना समजून घेत जातात, हे पाहणे त्यांना आवडले. आणि त्या आवडीच्या मुळाशी काही तरी सत्य होते. यात्रेकरूंवरील कर अकबराने १५६३ मध्ये आणि जिझिया १५६४ मध्ये बंद केला. आपल्या हिंदू राण्यांच्या सहवासामुळे अकबर महालात होमहवन करीत असे, अशी तक्रारच बदायुनीने केली आहे. त्यावरून विवाहानंतर धर्मांतराची सक्ती झाली नसावी असे दिसते. मात्र कर बंद झाले ते अमुक राणीच्या सांगण्यावरून, असे म्हणायला आधार नाही. तरुण बादशहाचे राजकारण, राजपुतांचे साहाय्य मिळविण्याची गरज आणि त्याची स्वतःची चौकस बुद्धी यांचा तो एकत्रित परिणाम होता.

मालिकेने या सत्यावर जो डोलारा उभारला, तो मात्र कालगणनेच्या कसोटीला उतरत नाही. माहम अनगा आणि नवी राणी यांच्यातील संघर्ष मालिकेत दीर्घकाळ चालतो. प्रत्यक्षात विवाह झाला फेब्रुवारी १५६२ मध्ये. त्याच वर्षीच्या मे महिन्यात माहमचा मुलगा अधम खान याने अतगा खानाचा खून केला. अकबराने त्याला गच्चीवरून खाली फेकून देण्याची शिक्षा दिली, आणि त्या दुःखाने चाळीसेक दिवसांत माहमही मरण पावली. म्हणजे या दोघींच्या वाट्याला फार तर साडेचार महिने आले. अकबराची पहिली पत्नी रुकय्या बेगम मालिकेत मत्सराने जळणारी सवत आहे. इतिहासात तिची ओळख निराळी आहे. तिला मूल नव्हते. तिने जहांगीरच्या मुलाला, खुर्रमला, मांडीवर घेऊन वाढविले. आणि तो खुर्रम म्हणजे खऱ्या जोधबाईचा मुलगा शाहजहान होय. अनेकांना या घटनेत नाट्य कमी वाटेल, पण माणुसकी कमी नाही.

या वादाला गोव्याचाही एक धागा आहे. भारमलाच्या कन्येला मिळालेली पदवी होती ‘मरियम-उझ-झमानी’, म्हणजे या युगाची मरियम. या पदवीवरून, अकबराची एक राणी ख्रिस्ती असली पाहिजे, अशी समजूत फार दिवस प्रचलित होती. फत्तेपूर सिक्री येथील ‘मरियमचे घर’ दाखविताना वाटाडे तेच सांगत. २०१७ मध्ये तर गोव्यात प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथाच्या निमित्ताने वृत्तपत्रांत अशी वार्ता आली की, जोधाबाई ही वस्तुतः दोना मारिया मास्करेन्हास नावाची पोर्तुगीज स्त्री होती, आणि गुजरातच्या बहादूरशहाने समुद्रावर पकडून तिला अकबराला नजर केले होते. ही कथा ऐकून गोव्यातील ख्रिस्ती वाचकाला क्षणभर अभिमान वाटला तर नवल नाही. परंतु जी कसोटी राजपुतांच्या अभिमानाला लावायची, तीच याही अभिमानाला लावली पाहिजे. बहादूरशहा १५३७ मध्ये दीव येथे पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत मेला, आणि अकबराचा जन्म १५४२ चा. जन्मालाच न आलेल्या बादशहाला नजराणा पाठविता येत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, अकबराच्या निमंत्रणावरून रोदोल्फो आक्वाव्हिवा, आंतोनियो मोन्सेरात आणि फ्रान्सिस्को हेन्रीकेस हे तीन जेझुइट धर्मगुरू नोव्हेंबर १५७९ मध्ये गोव्याहून निघाले आणि फेब्रुवारी १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. बादशहा ख्रिस्ती होईल, या आशेवर ते जगत होते. राजवाड्यात ख्रिस्ती राणी असती, तर ही आनंदाची वार्ता गोव्याला कळविल्यावाचून ते राहिले नसते. त्यांच्या लेखनात अशा राणीचा मागमूस नाही. आणि पदवीचे म्हणाल, तर येशूची माता मरियम कुराणातही परम आदरणीय आहे. तेथील एका अध्यायाला तिचेच नाव आहे. अकबराच्या आईलाही ‘मरियम-मकानी’ ही पदवी होती, आणि तिला कोणी ख्रिस्ती म्हटले नाही.

मग या राणीचे खरे नाव काय? अबुल फजल तिला राजा भारमलाची ज्येष्ठ कन्या म्हणतो आणि पुढे जातो. सलीमचा जन्म ३० किंवा ३१ ऑगस्ट १५६९ रोजी झाला. त्या प्रसंगाचे वर्णन विस्ताराने येते, पण आईचे नाव येत नाही. ती भारमलाची कन्या होती, हे नंतरच्या फारसी ग्रंथकारांनी सांगितले. राजपूत परंपरेत हरखाबाई, हीरकुँवर अशी नावे आढळतात. तिच्या आज्ञापत्रावरील शिक्क्यात ‘वली निमत बेगम’ असे नाव आहे आणि तेथे ती जहांगीरची माता म्हणून ओळख देते. माहेरचे नाव असे विखुरले गेले, याचे कारण दरबारी रिवाजात आहे. बादशाही स्त्रियांची नावे उघड घेणे हा त्यांचा अनादर समजला जाई, म्हणून त्यांना पदव्यांच्या पडद्याआड ठेवीत. हा पडदा अटळ होता असेही नाही. अकबराची आत्या गुलबदन बेगम हिने लिहिलेल्या ‘हुमायूननाम्या’त घरातील स्त्रिया नावानिशी वावरताना दिसतात. परंतु तिचा उपलब्ध ग्रंथ अकबराच्या राज्यारोहणापूर्वीच थांबतो. भारमलाच्या कन्येला आपली गुलबदन भेटली नाही.

नाव लोपले, तरी काम लोपले नाही. आणि या वादातील खरी खंत अशी की, दोन्ही बाजूंच्या लोकांनी तिचे काम पाहिलेच नाही. पुत्र सिंहासनावर आल्यानंतर ही राजमाता मोठा व्यापार करीत होती. राजस्थानातील बयाना हे उत्तम निळीसाठी प्रसिद्ध होते. तेथे तिचा अडत्या तिच्या जहाजासाठी नीळ खरेदी करीत असता विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने चढती बोली देऊन माल उचलला. राजमातेने ही तक्रार जहांगीरच्या कानावर घातली, आणि त्याचा फटका दरबारात असलेल्या विल्यम हॉकिन्स याच्या प्रतिष्ठेला बसला. त्याच बयान्याजवळ ब्रह्मबाद येथे तिने १६१२ च्या सुमारास प्रवाशांसाठी पायऱ्यांची विहीर बांधविली. लाहोरच्या किल्ल्याजवळ तिने बांधविलेली मशीद १६१४ मध्ये पूर्ण झाली. १६२३ मध्ये ती वारली. आग्ऱ्याजवळ सिकंदरा येथे अकबराच्या समाधीपासून थोड्याच अंतरावर तिची कबर आहे.

या सर्वांत तिचे जहाज विशेष प्रसिद्ध होते. त्याचे नाव ‘रहीमी’. सुरतेहून तांबड्या समुद्राकडे जाणारे हे प्रचंड गलबत यात्रेकरूंना मक्केच्या वाटेवर नेई आणि परतताना व्यापाराचा पैसा आणी. त्या काळी अरबी समुद्रात जहाज हाकारायचे तर पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घ्यावा लागे. त्यावर मरियम आणि येशू यांच्या प्रतिमा असत, असे बदायुनीच्या लेखनावरून कळते. म्हणजे ‘युगाची मरियम’ म्हणविणाऱ्या या राजपूत स्त्रीचे, मुसलमान यात्रेकरूंनी भरलेले जहाज, मरियमच्याच प्रतिमेच्या संरक्षणाखाली समुद्र ओलांडीत होते.

सप्टेंबर १६१३ मध्ये ते संरक्षण कुचकामी ठरले. परवाना असतानाही पोर्तुगीजांनी सुरतेजवळ ‘रहीमी’ पकडले आणि सुमारे सातशे माणसे व मौल्यवान माल यांसह ते गोव्याला नेले. इंग्रजांना मोगल दरबारात थारा मिळू नये, हा त्यामागील हेतू होता. परिणाम नेमका उलट झाला. जहांगीरने सुरतेची वाहतूक रोखली, दमणवर सैन्य धाडले, आग्ऱ्यातील जेझुइटांचे चर्च बंद करविले आणि त्यांचे वेतन थांबविले. पस्तीस वर्षे जपलेला विश्वास एका कृत्याने गमावला गेला, आणि त्याचा लाभ इंग्रजांनी उठविला. सत्तरीच्या घरातील एका स्त्रीच्या जहाजामुळे गोवा, सुरत, आग्रा आणि लंडन यांच्या राजकारणाची दिशा बदलण्यास हातभार लागला. ज्या स्त्रीची कीर्ती मालिकेतील एका प्रेमळ पत्नीपुरती उरली आहे, तिच्या आयुष्यातील हा प्रसंग आहे.

प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांचा ताळेबंद मांडताना म्हणूनच एक गोष्ट ध्यानात येते. कोणाला ती प्रणयिनी म्हणून हवी होती, कोणाला ती मुळीच नको होती, तर कोणाला ती आपल्या धर्माची म्हणून हवी होती. प्रत्येकाने तिच्याकडे आपल्या अभिमानाच्या खिडकीतून पाहिले. मालिका तयार करणाऱ्यांना कल्पनेचे स्वातंत्र्य असते; नाटककाराने ते पूर्वीपासून घेतले आहे आणि पुढेही घेईल. ‘ही कथा काल्पनिक आहे’ अशी पाटी दाखविली की त्यांची कायदेशीर जबाबदारी संपते. पाहणाऱ्याची जबाबदारी मात्र तेथे सुरू होते. बंदी घातल्याने चुकीचे नाव खोडले जात नाही, आणि डोळे पुसल्याने ते खरे ठरत नाही. त्यासाठी मालिका संपल्यावर एखादा ग्रंथ उघडावा लागतो. निदान घरातील मुलाने ‘हे खरे का हो?’ असे विचारले, तर ‘आपण शोधून पाहू’ असे उत्तर द्यावे लागते.

त्या दृष्टीने मालिकेचे उपकारही मानले पाहिजेत. तिने वाद उभा केला नसता, तर भारमलाच्या या कन्येची चौकशी करायला फारसे कोणी गेले नसते. तिचे माहेरचे नाव निर्विवादपणे सापडेल की नाही, हे सांगता येत नाही. पण तिची विहीर बयान्याजवळ आहे, मशीद लाहोरात आहे, कबर सिकंदऱ्याला आहे, आणि तिच्या जहाजाचे नाव तर सर्वांना ठाऊक होण्याजोगे आहे. गोव्यातील वाचकाला मांडवीकाठी उभे राहून सातशे यात्रेकरूंसह ‘रहीमी’ येथे आणले गेले होते, याची आठवण करता येईल. आग्ऱ्याला जाणाऱ्या प्रवाशाला ताजमहाल पाहून झाल्यावर सिकंदऱ्यापर्यंत जाता येईल. तेथे जोधाबाई भेटणार नाही. परंतु जी प्रत्यक्ष होऊन गेली, तिच्यापर्यंत पोहोचता येईल.